जुन्या रिव्हॉल्वरसाठी संरक्षणाची काडतुसं: खोकं घेण्याआधी

आधी रिव्हॉल्वर रिकामं करा. सिलिंडर उघडून काडतुसं बसतात ती सगळी घरं डोळ्यांनी बघा, मग बोट लावून बघा, आणि तपासणी चालू असेपर्यंत काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

आता भिंग घेऊन नळीवरचा ठसा वाचा. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो, कारण ‘.३८’ हा आकडा दोन निराळ्या काडतुसांवर आहे. .३८ स्मिथ अँड वेसन हे १८७० च्या दशकातलं, आखूड आणि जाड; .३८ स्पेशल १८९० च्या दशकाच्या अखेरीचं, लांब आणि जरा बारीक. पहिल्याची गोळी .३६१ इंच व्यासाची, दुसऱ्याची .३५७ ते .३५८. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला गेलेली स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीची रिव्हॉल्वरं पहिल्या काडतुसासाठी बनलेली होती. युद्धानंतर त्यातल्या अनेकांची घरं खोल कोरून त्यात .३८ स्पेशल बसवलं गेलं. काडतूस आत जातं, सिलिंडर बंद होतो, बारही निघतो, आणि पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) मात्र फुगलेली किंवा उभी फाटलेली बाहेर येते. .४५५ वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्वरची गत तशीच. मागची बाजू तासलेल्या सिलिंडरमध्ये मून क्लिप (काडतुसं एकत्र धरणारी पत्र्याची चकती) लावून .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसतं, पण त्याचा दाब २१,००० पीएसआयपर्यंत (चौरस इंचाला इतके पौंड) जाऊ शकतो आणि वेब्लीचं मूळ काडतूस त्याच्या आसपासही नाही. तेव्हा ‘बसलं म्हणजे चाललं’ हा न्याय इथे नको. ठशाबद्दल तिळभर शंका असली तरी कारागिराकडून घरांचं माप घ्या.

मधून मोडून उघडणारं, काळ्या दारूच्या जमान्यातलं रिव्हॉल्वर असेल तर यादी इथेच संपली. आयव्हर जॉन्सनसारख्या कंपनीनेही जास्त दाबाच्या धूरविरहित दारूसाठी आपली मॉडेलं बदलली ती १९०९ च्या सुमाराला. त्याआधीचं हत्यार आठवण म्हणून जपा, रात्रीच्या भरवशाचं म्हणून नको.

मग यंत्र तपासा. घोडा अगदी सावकाश मागे ओढा. तो अडकण्याआधी किंवा अडकताच सिलिंडर जागेवर बसल्याचा आवाज यायला हवा, आणि तोही प्रत्येक घराला. एकाच घरावर आळस करणारं रिव्हॉल्वर मी पाहिलं आहे, म्हणून सहाही मोजायला सांगतो. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.१५ मिलिमीटरच्या आसपास ठीक, ०.३ च्या पुढे गेली तर आधी दुरुस्ती. सिलिंडर पुढेमागे किती हलतो तेही बघा. नळी उजेडाकडे धरून आत काळपट कडं दिसतंय का पाहा, कारण अडकलेल्या गोळीमागून दुसरी सुटली की नळी तिथे फुगते. नळीचं सिलिंडरकडचं तोंड चिरलेलं नाही ना, हेही. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम चौकटीच्या .३५७ मॅग्नम रिव्हॉल्वरांत या तोंडाची खालची बाजू सपाट करून पातळ झालेली असते, आणि १२५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) हलक्या, तापट काडतुसांनी ती तिथेच तडकते.

दाबाचं गणित थोडक्यात: साधं .३८ स्पेशल १७,००० पीएसआयपर्यंत, प्लस पी म्हणजे त्याचाच जादा दाबाचा प्रकार २०,०००, .३५७ मॅग्नम ३५,०००. स्मिथ अँड वेसनने मॉडेल क्रमांक ठोकायला १९५७ मध्ये सुरुवात केली. सिलिंडर बाहेर काढल्यावर चौकटीत तो क्रमांक दिसत नसेल तर प्लस पी विसरा. ॲल्युमिनियमची जुनी चौकट असेल तरी विसरा. एका बाराने काही फुटणार नाही, हे खरं. पण पट्टीचा नेम यायला शेकडो बार लागतात आणि झीज त्या शेकड्यांनी होते.

राहिली गोळी, आणि जाहिराती बोलतात ती इथेच. दोन इंची नळीतून वेग इतका घटतो की पोकळ टोकाची गोळी कित्येकदा उमलतच, म्हणजे आदळून पसरतच नाही. जाड कापडातून जाताना पोकळी कापसाने भरते आणि ती साध्या गोळीसारखी पार होते. म्हणून आखूड नळीच्या जुन्या हत्याराला माझी पहिली पसंती १४८ ग्रेनची वॉडकटर. ही मुळात निशाणेबाजीची, सपाट तोंडाची. उमलण्यावर तिचं काही अडलेलं नाही, भोक स्वच्छ पाडते आणि झटका इतका सौम्य की दुसरा बार लगेच नेमावर येतो. खोट एकच: सपाट तोंडामुळे घाईत भरताना ती घराच्या कडेला अडखळते. दुसऱ्या भरणीसाठी गोल नाकाची ठेवली तर ते दुखणंही जातं. चार इंची नळी असेल तर १५८ ग्रेनची, वरचं आवरण नसलेली मऊ शिशाची गोळी बघा, साध्या दाबाची. शिवाय अशा बहुतेक रिव्हॉल्वरांच्या नेम धरायच्या अचल माश्या १५८ ग्रेनलाच जुळवलेल्या असतात. ११० ग्रेनची वापरली तर नेम खाली जातो, आणि माशी हलत नसल्याने तुम्हाला काही करता येत नाही.

निवडलेली काडतुसं कमीत कमी पन्नास झाडून बघा, घोडा न ओढता, नुसत्या चापाने. प्रायमरवरचा (काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी पाडणाऱ्या टोपीवरचा) ठोसा प्रत्येक घरात खोल हवा. उथळ दिसला तर मुठीच्या पुढच्या बाजूचा छोटा स्क्रू आधी पिळून बघा. चाप हलका व्हावा म्हणून आधीच्या मालकाने तो ढिला केलेला असणं अगदी नेहमीचं. एका काडतुसावर पेनाने खूण करा, बाकीची झाडा, आणि खुणेच्या काडतुसाची लांबी पुन्हा मोजा. झटक्याने गोळी पुंगळीतून पुढे सरकत असेल तर कधीतरी ती सिलिंडरच अडवेल. चाप ओढूनही बार झाला नाही तर नळी निशाण्याकडेच रोखून तीस सेकंद थांबा. बार फुसका वाजला तर दुसरा चाप ओढू नका, नळी तपासा.

कायदाही पाहून घ्या: काही ठिकाणी पोकळ टोकाच्या गोळीवर बंदी असते, काही ठिकाणी परवान्यावर कॅलिबर आणि संख्या दोन्ही लिहिलेली असतात.

रिव्हॉल्वर १९४५ च्या आधीचं असेल तर घोड्याखालचं घर रिकामं ठेवा. घोडा काडतुसावर आपटू न देणाऱ्या तेव्हाच्या अडसरावर विसंबू नये. स्मिथ अँड वेसनने नवा अडसर बसवला तोच, हातातून पडलेल्या रिव्हॉल्वरने एका नौसैनिकाचा जीव घेतल्यावर. साफसफाईचं पातळ तेल भरलेल्या काडतुसांना लागू देऊ नका, ते प्रायमरमध्ये झिरपतं. भरलेली काडतुसं वर्षाने सरावात झाडून नवी भरा, आणि त्याच लॉटचं एखादं खोकं तारीख टाकून बाजूला ठेवा.