१९५७ च्या उमेदवार याद्या: या चुका टाळा

मुंबई राज्याच्या १९५७ च्या विधानसभा निवडणुकीवर लिहिणाऱ्या नव्या मंडळींचे तक्ते माझ्याकडे तपासायला येतात. चुका त्याच त्या असतात.

सगळ्यात वाईट चूक द्विसदस्य मतदारसंघांत होते, म्हणजे जिथून एक सर्वसाधारण आणि एक राखीव (अनुसूचित जाती किंवा जमातींसाठी) अशा दोन जागा निवडल्या जात. एका स्मरणिकेसाठी आलेल्या तक्त्यात एका मतदारसंघात शंभर टक्क्यांहून जास्त मतदान दाखवलं होतं. करणाऱ्याने सगळ्या उमेदवारांची मतं बेरजेला धरली आणि मतदारसंख्येने भागली. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, आणि ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. म्हणून आकडा फुगला. त्याहून घातक म्हणजे पहिल्या दोघांना विजयी ठरवून मोकळं होणं. आधी राखीव जागेसाठी पात्र उमेदवारांतला सर्वाधिक मतांचा निवडला जाई, मग उरलेल्यांतला सर्वाधिक मतांचा सर्वसाधारण जागेवर. त्यामुळे मतांत तिसरा असलेलाही निवडून येऊ शकत होता आणि दुसरा घरी बसत होता. उलट, दोन्ही जागा राखीव गटातल्यांनाही मिळत. लोकसभेच्या आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात तसंच झालं, पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी हरले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही हरले. मी आधी मतदारसंघ एकसदस्य की द्विसदस्य ते लाल पेनाने लिहितो, मगच आकड्यांना हात लावतो.

‘अपक्ष’ दिसला की पुढे जाणं ही दुसरी खोड. संयुक्त महाराष्ट्र समिती ही अनेक पक्षांची आघाडी होती, तिचे उमेदवार अधिकृत यादीत आपापल्या पक्षाच्या नावाने आहेत: प्रसप (प्रजा समाजवादी पक्ष), शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन. बाकीचे अपक्ष. दादरहून निवडून आलेले आचार्य अत्रे त्यांतलेच. नुसती यादी पाहून समितीचं बळ मोजू नका. त्या काळची वर्तमानपत्रं काढून बसा. त्याला वेळ लागतो, तो द्यायचा नसेल तर हे काम घेऊच नका.

१९५७ चं मुंबई राज्य म्हणजे आजचा महाराष्ट्र नव्हे. ३९६ जागांत सौराष्ट्र, कच्छसकट गुजरातही होता.

१९५२ शी तुलना करताना मराठवाडा तेव्हाच्या हैदराबाद राज्याच्या यादीत शोधा, विदर्भ मध्य प्रदेशच्या. वसंतराव नाईक मध्य प्रदेशच्या यादीतच सापडतील.

आणि ‘मतदारांनी शिक्का मारला’ असं लिहू नका. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह, आणि कोरी मतपत्रिका तिच्यात टाकायची.