घरी रोमन जेवण: काच्चो ए पेपे फाटू न देता

रोमच्या घरगुती जेवणाला फार थाट लागत नाही. सुरुवातीला लसूण चोळलेला भाजका पाव, मग काच्चो ए पेपे म्हणजे चीज-मिरीचा पास्ता, त्यानंतर ढोबळी मिरचीतलं चिकन, शेवटी फळं.

चिकन सकाळीच उरकून टाका. तुकडे ऑलिव्ह तेलात लाल परता, थोडी व्हाइट वाइन, टोमॅटो आणि लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्यांचे काप घाला आणि झाकण ठेवून मऊ शिजवा. रोममध्ये हे 15 ऑगस्टला, फेर्रागोस्तोच्या सुट्टीत, खास करतात. मुरलं की जास्त चांगलं लागतं.

आता काच्चो ए पेपे. साहित्य म्हणाल तर पास्ता, पेकोरिनो रोमानो (मेंढीच्या दुधाचं कडक, खारट चीज) आणि काळी मिरी, बस. तरीही हाच पदार्थ घरोघरी फसतो. कारण साधं आहे: चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना चिकटतात आणि कढईत पाणी एकीकडे, रबरासारख्या गुठळ्या दुसरीकडे. यावर लोक क्रीम घाला म्हणतात, लोणी घाला म्हणतात. कृपा करून घालू नका. मग ते व्हाइट सॉस होतं, आणि ते करायला पेकोरिनोचे पैसे कशाला घालवायचे? पास्ता उकळताना पाण्यात तेल घालायचा सल्लाही सोडून द्या. पास्ता बुळबुळीत होतो आणि रस त्याला धरत नाही.

खरा आधार स्टार्चचा, म्हणजे पास्त्यातून पाण्यात उतरणाऱ्या पिठाचा. म्हणून पास्ता कमी पाण्यात उकळा, पाणी पिठूळ झालं पाहिजे. मीठ हात आखडून घाला, चीज मुळातच खारट असतं. तेवढ्यावर भरवसा नसेल तर इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी 2025 मध्ये मांडलेली युक्ती वापरा. त्यांना त्याबद्दल इग नोबेल हे गमतीशीर संशोधनाचं पारितोषिकही मिळालं, पण युक्ती थट्टेची नाही. 4 ग्रॅम कॉर्नफ्लोअर 40 मिली पाण्यात ढवळत घट्ट होईपर्यंत शिजवा, थोडं गार पाणी घालून कोमट करा आणि 160 ग्रॅम बारीक किसलेल्या पेकोरिनोबरोबर मिक्सरमधून काढा. चौघांच्या 300 ग्रॅम स्पॅगेटीला एवढं पुरतं. आयतं किसलेलं पाकीट आणू नका, चीज घरीच किसा.

मिरी जाडसर कुटून कोरड्या कढईत वास सुटेपर्यंत भाजा, त्यावर पळीभर पास्त्याचं पाणी घाला. पास्ता दोन मिनिटं कच्चा असतानाच चिमट्याने त्यात ओढा आणि तिथेच शिजू द्या. मग गॅस बंद. मंद आच नव्हे, बंद. कढई शेगडीवरून खाली घ्या, मिनिटभर थांबा, बुडबुडे पूर्ण थांबले की चीजचं मिश्रण ओता आणि कढई हलवत भरभर ढवळा. घट्ट वाटलं तर चमचा-चमचा पाणी. रस पास्त्याला चकचकीत लपेटून बसला पाहिजे, तळाशी साचता कामा नये.

एक गोष्ट पाहुण्यांना आधीच सांगा: पेकोरिनो रोमानो कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध घट्ट करणाऱ्या द्रव्याने) विरजतात, म्हणजे ते शाकाहारी नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी शाकाहारी रेनेटचं कडक, मुरलेलं चीज शोधा. प्रोसेस्ड चीज अजिबात चालणार नाही.

ताटल्या कोमट ठेवा आणि मंडळी टेबलाशी बसल्यावरच चीज ओता. पाच मिनिटांत पास्ता घट्ट होतो. चिकन त्यानंतर, वेगळ्या ताटलीत. पास्त्याच्या शेजारी वाढायचं नाही.