रोश हशनाच्या मेजवानीसाठी घरगुती कॉकटेल: सूर्यास्तापूर्वी संपवायची तयारी

रोश हशना हा तिश्री महिन्याच्या पहिल्या दोन दिवसांचा यहुदी नववर्षाचा सण असून कोकणातील बेने इस्रायली यहुद्यांच्या जुन्या बोलीत त्यालाच ‘नव्याचा सण’ म्हणत. या सणासाठी घरी कॉकटेल करायची असतील, तर यादीची सुरुवात घड्याळापासून करावी लागते. सण सूर्यास्ताला लागतो, आणि त्यानंतर फळांचा रस काढणे, मिक्सर चालवणे, नवा विस्तव पेटवणे, बाटलीवर नाव लिहिणे यांपैकी काहीच नियम पाळणाऱ्या घरात करता येत नाही. २०२६ मध्ये सण ११ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, सुरू होत असल्यामुळे पहिला दिवस शब्बाथही, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवसही, आहे; म्हणजे एरवी सणाच्या दिवशी आधीच पेटलेल्या विस्तवावर स्वयंपाकाची जी सवलत असते तीही त्या दिवशी मिळत नाही. मुंबईत त्या सुमारास सूर्य पावणेसातच्या आसपास मावळतो आणि मेणबत्त्या त्याच्या सुमारे अठरा मिनिटे आधी लावल्या जातात. त्यामुळे दुपारी चारपर्यंत प्रत्येक पेय गाळून, मोजून, बाटलीत भरून फ्रिजमध्ये गेलेले असावे आणि रात्री फक्त ओतणे व ढवळणे उरावे, या हिशेबाने पुढील सर्व कामे लावावीत.

बाजारहाट किमान आठवडाभर आधी उरकावी. हा सण अमावास्येच्या आगेमागे येत असल्याने कधी पितृपक्षाच्या अखेरीस, कधी गणपतीच्या तोंडावर, तर कधी घटस्थापनेच्या दिवशी पडतो. २०२४ मध्ये तर तो २ ऑक्टोबरच्या संध्याकाळी, म्हणजे गांधी जयंतीच्या कोरड्या दिवशी, सुरू झाला होता आणि त्या दिवशी दारूची दुकाने बंद होती. २०२६ मध्ये सणानंतर लगेच, १४ सप्टेंबरला, गणेशचतुर्थी असल्यामुळे नारळ आणि फळे यांना मागणी असणार, म्हणून नारळ आधीच आणून ठेवलेले बरे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो आणि तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आजीवन मिळतो. कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची आहे, हे पाहुण्यांची यादी करतानाच लक्षात घ्यावे.

मद्य निवडताना कोशर, म्हणजे यहुदी आहाराच्या, नियमांचा मुख्य कटाक्ष द्राक्षांवर असतो. द्राक्षे चिरडण्यापासून बाटली भरण्यापर्यंतचे काम धर्मनियम पाळणाऱ्या यहुदी माणसांच्या हातून झालेले नसेल तर ती वाइन चालत नाही. नाशिकची वाइन कितीही चांगली असली तरी लेबलवर कोशर चिन्ह नसेल तर ती या टेबलावर ठेवू नये. हाच नियम ब्रँडी, कोन्याक, व्हर्मूथ (वनस्पतींच्या स्वादाची वाइन) आणि बाटलीबंद द्राक्षरस यांनाही लागतो, त्यामुळे व्हर्मूथवर बेतलेली बहुतेक प्रसिद्ध कॉकटेल यादीतून आपोआप गळतात. साधी, स्वाद न मिसळलेली व्होडका, जिन, व्हिस्की आणि उसाच्या मळीपासून केलेली रम ही सर्वसाधारणपणे स्वीकारली जातात, मात्र शेरी या वाइनच्या पिंपात मुरवलेल्या व्हिस्कीविषयी मतभेद आहेत. रंगीत आणि स्वादाची लिकर, म्हणजे गोड मद्ये, मात्र चिन्हाशिवाय घेऊ नयेत, कारण काही लाल रंग किड्यांपासून काढलेले असतात. दुधाची लिकर मांसाहारी जेवणाबरोबर निषिद्धच. शंका राहिली तर आपल्या सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझ्झानांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत बाटली विकत घेऊ नये.

भांड्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. बाटल्या, गाळणे, मोजमापाचा पेला आणि मलमलचे कापड या कामासाठी वेगळेच ठेवावे, म्हणजे दूध की मांस हा प्रश्न उभा राहत नाही. काचेच्या किंवा धातूच्या नव्या भांड्यांना वापरापूर्वी मिकवेत, म्हणजे शुद्धीच्या पाण्यात, बुडवण्याचा नियम जे पाळतात त्यांच्यासाठी समुद्र हाही वैध मिकवे आहे, ही अलिबागकरांची आणि मुंबईकरांची मोठीच सोय म्हणायची.

मद्याच्या आधी ज्या पेयाची तयारी करायची ते म्हणजे किद्दुशचे, म्हणजे जेवणापूर्वी पेल्यावर म्हणायच्या प्रार्थनेचे, काळ्या मनुकांचे सरबत. कोशर वाइन सहज मिळत नसल्यामुळे बेने इस्रायली घरांत पिढ्यानपिढ्या हेच सरबत प्रार्थनेच्या पेल्यात ओतले जाते, आणि पुरेशा मनुका घालून केलेल्या या पेयावर वाइनचाच आशीर्वाद म्हणता येतो. त्यासाठी अर्धा किलो काळ्या मनुका स्वच्छ धुऊन एक लिटर पाण्यात आदल्या रात्री भिजत घालाव्यात, सकाळी हाताने चांगल्या कुस्कराव्यात आणि कापडातून पिळून गाळून घ्याव्यात. काही घरांत त्या भिजवल्यावर उकळतात, त्यामुळे रंग गडद येतो. साखर घालण्याची गरज पडत नाही. किद्दुशच्या पेल्यात प्रचलित मोजणीप्रमाणे किमान ८६ मिलीलिटर पेय लागते आणि दोन रात्री, शिवाय दिवसाचा किद्दुश धरता हे सरबत लिटरभर असावेच. मुले आणि मद्य न घेणारी मंडळी यांच्यासाठी हेच सरबत बर्फावर ओतून आल्याच्या रसाचे चार थेंब घालून दिले, तर त्यांना वेगळे बाजारी शीतपेय आणण्याची गरज राहत नाही, आणि माझ्या मते टेबलावरचे सर्वांत चांगले पेय बहुधा हेच ठरते.

पुढील मापे बारा माणसांच्या पंगतीची असून त्यांतील आठजण मद्य घेतात असे गृहीत धरले आहे. गोड वर्षाच्या इच्छेने या सणाला सफरचंद मधात बुडवून खातात, म्हणून गोडवा मधाचाच असावा. परंतु थंड पेयात मध विरघळत नाही आणि तळाशी बसतो, यासाठी एक वाटी मधात तितकेच कोमट पाणी मिसळून पाक आधी करून ठेवावा. मध उकळू नये, उकळल्याने त्याचा सुगंध जातो. महाबळेश्वरचा जांभळाचा मध किंचित कडसर असतो आणि व्हिस्कीबरोबर तो विशेष खुलतो. असा पाक फ्रिजमध्ये आठवडाभर सहज टिकतो, त्यामुळे यादीतील हे काम सर्वांत आधी हातावेगळे करता येते.

पहिल्या रात्रीचे मुख्य पेय सफरचंद, मध आणि व्हिस्की यांचे. प्रत्येक ग्लासाला व्हिस्की ४५, सफरचंदाचा गाळलेला रस ६०, मधाचा पाक १५ आणि लिंबाचा रस १० मिलीलिटर या हिशेबाने बारा ग्लासांना ५४० मिलीलिटर व्हिस्की, ७२० मिलीलिटर सफरचंदरस, १८० मिलीलिटर पाक आणि १२० मिलीलिटर लिंबूरस लागतो. एरवी शेकरमध्ये हलवताना बर्फाचे जे पाणी पेयात उतरते ते येथे उतरणार नाही, म्हणून २०० मिलीलिटर थंड पाणी बाटलीतच घालावे; ही पायरी गाळल्यास पेय घशाला लागते. लिंबू हात राखून वापरण्यामागेही कारण आहे, काही घरांत वर्षाच्या पहिल्या रात्री आंबट पदार्थ टाळतात. पाहुण्यांत तसे कोणी असल्यास लिंबू पूर्ण वगळून आल्याचे काप बाटलीत मुरवावेत. सफरचंदाचा आणि लिंबाचा रस शुक्रवारी दुपारीच काढावा, कारण आदल्या दिवशी काढलेल्या लिंबाच्या रसाला कडवटपणा येतो.

जेवणानंतरचे पेय खजूर आणि नारळाच्या दुधाचे करावे, आणि या पेयाला मी सर्वांत जास्त वेळ देईन. बेने इस्रायली स्वयंपाकात मांसाच्या जेवणाबरोबर दूध चालत नसल्याने त्याची जागा नारळाच्या दुधाने घेतली, आणि याच सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवाही त्याच दुधात शिजतो. तेव्हा हलव्यासाठी नारळ खवले जात असतानाच तीन मोठे नारळ जास्त खवून घेतले की दोन्ही कामे एका बैठकीत होतात. खवलेल्या नारळात अगदी थोडे कोमट पाणी घालून वाटावे आणि पिळून फक्त पहिले दाट दूध घ्यावे, ते साधारण अर्धा लिटर भरते. दुसऱ्या पाण्याचे पातळ दूध हलव्यात जाऊ द्यावे. दीडशे ग्रॅम बिया काढलेला खजूर गरम पाण्यात भिजवून, बारीक वाटून गाळणीतून काढावा, कारण सालीचे तंतू राहिले तर ते ग्लासाच्या कडेला चिकटतात. खजूर बिया काढताना उघडून आतून पाहून घ्यावा, त्यात कीड असण्याची शक्यता असते. २४० मिलीलिटर रम, ४८० मिलीलिटर नारळाचे दूध आणि १६० मिलीलिटर खजुराचा गर एकत्र करून त्यात आधीच कुटलेली वेलची आणि किसलेले जायफळ घातले की आठ लहान पेले होतात. बदाम किंवा अक्रोडाची सजावट येथे मोहात पाडते, परंतु अक्षरांच्या संख्यामूल्याच्या एका जुन्या हिशेबामुळे अनेकजण या सणाला कवचाचा सुकामेवा टाळतात. त्याच कारणाने बदामी स्वादाची लिकरही नको. फ्रिजमध्ये दुधावर चरबीचा थर येतो, तेव्हा बाटली थोडी रिकामी ठेवावी, म्हणजे ओतण्यापूर्वी ती हलवता येते. हे पेय त्याच रात्री संपवावे. सप्टेंबरच्या मुंबईत ताजे नारळाचे दूध दुसऱ्या रात्रीपर्यंत भरवशाचे राहत नाही.

दुसऱ्या रात्रीसाठी डाळिंब. दुसऱ्या रात्रीचे पेयही शुक्रवारीच तयार करावे लागते, कारण सणाच्या एका दिवशी दुसऱ्या दिवसाची तयारी करण्यास मनाई आहे, आणि यादी करणारे नेमके येथेच चुकतात. सोलापूरकडची भगवा जातीची दोन किलो डाळिंबे सोलून दाणे कापडात हाताने पिळावेत. मिक्सरमध्ये फिरवल्यास बिया फुटून रस तुरट होतो. एका किलोतून साधारण ३५० ते ४०० मिलीलिटर रस मिळतो. ७२० मिलीलिटर रस, ५४० मिलीलिटर व्होडका आणि १२० मिलीलिटर मधाचा पाक एका बाटलीत भरून ती फ्रिजच्या सर्वांत थंड कप्प्यात ठेवावी, आणि देताना प्रत्येक ग्लासात ६० मिलीलिटर सोडा वरून घालावा. दुसऱ्या रात्री मोसमातील नवे फळ खाऊन विशेष आशीर्वाद म्हणण्याची प्रथा आहे. डाळिंब आपल्याकडे जवळजवळ बारमाही मिळते, म्हणून त्या जागी सीताफळ ठेवणे अधिक योग्य, आणि ते पेयात न घालता ताटातच द्यावे.

बर्फाचा हिशेब माणशी अर्धा किलो धरावा, म्हणजे एका रात्रीला सहा किलो. दोन रात्रींचा बर्फ घरच्या फ्रीजरमध्ये मावत नसेल तर थर्माकोलची पेटी आणून ठेवावी. कुटलेला बर्फ हवा असल्यास तो आधीच कुटून पिशवीत भरावा, कारण शब्बाथला बर्फ फोडून पाणी करणे वर्ज्य मानतात. ग्लासात तो आपोआप वितळला तर हरकत नसते. फ्रिजचा आतला दिवा दुपारीच काढून ठेवावा, नाहीतर दार उघडताच तो लागेल आणि मग दोन दिवस फ्रिज उघडण्याचीच पंचाईत होईल. मद्याच्या आणि सोड्याच्या बाटल्यांच्या झाकणांची सील आधी तोडून झाकणे पुन्हा घट्ट लावावीत. सोड्याचा जोर थोडा कमी होतो, पण त्याला इलाज नाही. पुदिना घ्यायचाच असेल तर पाने मिठाच्या पाण्यात बुडवून उजेडात एकेक तपासावीत. मला विचाराल तर या सणाला पुदिना नकोच, सफरचंदाची पातळ चकती पुरते, आणि ती लिंबाच्या पाण्यात ठेवली की काळी पडत नाही. बाटल्यांवर पेयाचे नाव, रात्र आणि मद्य आहे की नाही ही तीन नोंदी असलेली चिठ्ठी आधीच चिकटवावी, विशेषतः मनुकांचे सरबत आणि डाळिंबाचे पेय अंधुक उजेडात सारखेच दिसत असल्याने.

वाढण्याचा क्रमही आधी ठरवावा. सिनेगॉगहून मंडळी परतल्यावर किद्दुश होईपर्यंत कोणी काही खात-पीत नाही, त्यामुळे स्वागताचे पेय म्हणून दारातच ग्लास हाती देण्याची पद्धत येथे लागू पडत नाही. किद्दुश, हात धुणे, मधात बुडवलेला पाव, नंतर सफरचंद, खजूर, डाळिंब, भोपळा, बीट, चवळी आणि माशाचे डोके यांवरचे आशीर्वाद झाले, की पहिली बाटली बाहेर काढावी. उपवासानंतरच्या पोटासारखी अवस्था नसली तरी भूक लागलेल्या माणसाला पहिला ग्लास लवकर चढतो आणि दुसऱ्या सकाळी प्रार्थना लांबलचक असते, म्हणून एका रात्रीला मद्य घेणाऱ्या माणशी जास्तीत जास्त अडीच ग्लास धरून मापे दिली आहेत. जे पाहुणे वाहनाने जाणार आहेत त्यांच्या परतीची सोय दुपारीच विचारून घ्यावी.

ग्लास दुप्पट काढून ठेवावेत. दुसऱ्या रात्रीसाठी पहिल्या दिवशी ग्लास धुणे हीसुद्धा तयारीच ठरते, त्यामुळे चोवीस ग्लास घरात नसतील तर शनिवारी पूर्ण अंधार पडल्यानंतर धुण्यासाठी साबणाचे पाणी आणि कोरडी फडकी मोरीपाशी आदल्या दुपारपासून तयार असावीत.