घर बांधायचं की फ्लॅट घ्यायचा? नकाशा काढण्याआधी ठरवा

नकाशा हातात आला की माणूस विचार करणं थांबवतो. मग देवघर कुठे, जिना आतून की बाहेरून, एवढ्यावरच घरात वाद होतात. बांधायचं की नाही हा प्रश्न कुणी काढतच नाही. आम्ही नेमकं हेच केलं. नागपुरात बेलतरोडीच्या पुढे १५०० चौरस फुटांचा प्लॉट होता, तीन महिने नकाशात रमलो आणि मग कळलं की प्लॉटची आरएलच, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्रच, निघालेली नाही. विकणारा म्हणाला होता, "होऊन जाते ना जी." झाली, पण दीड वर्षाने. म्हणून खालचा क्रम असा लावलाय की ज्या गोष्टीत खर्च कमी आणि धोका जास्त, ती आधी.

पहिलं काम: कागद

नागपुरात कितीतरी ले-आउट शेतजमिनीवर सोसायट्यांनी परवानगीशिवाय पाडले आणि २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित होत गेले. त्यामुळे प्लॉट कुणाच्या हद्दीत येतो ते आधी विचारा: महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास की एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण). गुंठेवारीतला प्लॉट असेल तर डिमांड नोट (नियमित करण्याच्या शुल्काची मागणी) भरल्याची पावती आणि आरएल, दोन्ही मूळ प्रत बघा, झेरॉक्सवर भागवू नका. आरएल नसेल तर नकाशा मंजूर होत नाही, आणि मंजूर नकाशा नसेल तर बँक बांधकामाला कर्ज देत नाही. सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) विकणाऱ्याचंच नाव आहे ना, विकास आराखड्यात प्लॉटवरून रस्ता किंवा मैदानाचं आरक्षण जात नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्या. प्लॉट आजोबांच्या नावावर असेल तर आधी वारसांचा फेरफार, म्हणजे सगळ्या वारसांची नावं कागदावर चढवून घ्या. आत्याबाईंची सही स्लॅब पडल्यावर मागायला जाऊ नका.

दुसरं: प्लॉट पावसात बघा

प्लॉट दाखवणारे हिवाळ्यात दाखवतात. तुम्ही ऑगस्टमध्ये, धो-धो पाऊस सुरू असताना जा. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, शेजारच्या नाल्याला वाट आहे की कुणी भिंत घातली आहे, हे तेव्हाच दिसतं. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला आणि नाग नदीकाठच्या चांगल्या, जुन्या वस्त्यांतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. ते लक्षात ठेवून शेजाऱ्यांना त्या दिवसाबद्दल विचारा. दलालापेक्षा ते खरं सांगतात.

दुसरी फेरी मे महिन्यात. जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा दिसल्या तर खाली काळी माती आहे. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि पाया उथळ असेल तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरके तडे पाडते. चार मजूर लावून खड्डा खणा आणि मुरूम किती फुटांवर लागतो ते मोजा. कॉलम मुरमापर्यंत न्यावे लागतात, प्लिंथखालची (जोत्याखालची) काळी माती काढून तिथे मुरूम भरावा लागतो. हा खर्च ठेकेदाराच्या चौरस फुटाच्या दरात बहुतेक वेळा नसतो. खड्डा खोल गेला की काही लोकांचं बजेट तिथेच बुडतं. बुडू द्या, अजून एक वीटही आलेली नाही.

तिसरं: फ्लॅटमध्ये जे मिळणार नाही ते लिहा

घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या कागदावर लिहायचं. आईने वाळवणाची गच्ची लिहिली, बाबांनी गुडघ्यांसाठी तळमजल्यावर संडास-बाथरूमसकट खोली, मी उन्हाळा लिहिला. आपल्याकडे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता, आणि मेअखेरीस दुपारचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. म्हणजे स्लॅब दिवसभर तापतो आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत. स्वतःचं घर असेल तर पश्चिमेला जिना आणि बाथरूम टाकता येतात, कूलरची खिडकी मोकळ्या बाजूला काढता येते, कूलरच्या पाण्याचा नळ तिथेच देता येतो. कागदांवर फक्त "मोठा हॉल" आणि "छान एलिव्हेशन" असेल तर सरळ फ्लॅट किंवा तयार रो-हाऊस बघा, मनस्ताप वाचेल.

एक इशारा: मुलगा पुण्यात नोकरीला आणि त्याच्यासाठी वरचा मजला आत्ताच, हे करू नका. पाया आणि कॉलम दोन मजल्यांचे घ्या, मजला तो परत आल्यावर.

चौथं: पैसा

ठेकेदाराला विचारा, दर कशावर मोजणार? स्लॅबवर मोजला तर छज्जे आणि बाल्कनीही त्यात येतात. मग कंपाऊंड, गेट, बोअर, सेप्टिक टँक, वीज मीटर, नळजोडणी, किचनचं लाकूडकाम हे सगळं वेगळं लिहा. बँक कर्ज टप्प्याटप्प्याने देते, आधी प्लिंथ, मग स्लॅब, आणि उचललेल्या रकमेवर व्याज लगेच सुरू होतं. तुम्ही तेव्हा भाड्याच्या घरात असता. भाडं अधिक व्याज, असं किमान वर्षभर झेपतं का? नसेल झेपत तर दोन वर्षं थांबा.

पाचवं, आणि माझ्या मते सगळ्यात मोठं: साइटवर कोण उभं राहणार?

सेंट्रिंगवरचं लोखंड, रेतीत माती किती, स्लॅबला पाणी मारलं का, हे रोज बघणारा घरचा माणूस लागतो. इंजिनिअर आठवड्यातून एकदा येतो, मिस्त्री सांगितलं की "हो" म्हणतो. नवरा-बायको दोघंही सकाळी नऊ ते संध्याकाळी सात नोकरीत आणि निवृत्त बाबांना ऊन सहन होत नाही, असं असेल तर पगारी सुपरवायझर ठेवा आणि त्याचा खर्च वरच्या हिशेबात टाका. तेही जमत नसेल तर माझं उत्तर "बांधू नका" असंच आहे, प्लॉट कितीही चांगला असला तरी.

पाचही ठिकाणी "हो" आलं तर मग आर्किटेक्ट. हिवाळ्यात नकाशा आणि मंजुरी, पावसाळ्याआधी मुरूम भरून घ्या, पाया दिवाळीनंतर. पावसाळ्यात नदीतून रेती काढायला बंदी असते, त्या काळात भाव चढतात, म्हणून रेती आधीच टाकून ठेवा. स्लॅब फेब्रुवारीपर्यंत पडला पाहिजे. एप्रिलच्या उन्हात स्लॅबला पाणी मारायला आम्हाला टँकर बोलवावा लागला होता.