गिंबल घेऊनही व्हिडिओ हलतोय? आधी हे करून बघा

वारीत दिंडीसोबत चालत चालत शूट केलेलं सगळं घरी येऊन बघितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, नवीन गिंबल (मोबाईल स्थिर धरणारा मोटरवाला दांडा) होता तरी प्रत्येक पावलाला अख्खी फ्रेम वर-खाली उडत होती. गिंबल चांगलाच होता, तो काय करतो आणि काय करत नाही हेच मला माहीत नव्हतं.

गिंबलमधल्या सेन्सरला मोबाईल कुठे फिरतोय ते सतत कळतं आणि तीन मोटरी त्याला तेवढंच उलट फिरवतात. म्हणजे वळणं, झुकणं, कलणं एवढंच तो सांभाळतो. चालताना आपला हातच वर-खाली होतो, ते त्याच्या हातात नाही. गॅरेट ब्राऊन या अमेरिकन कॅमेरामनने १९७० च्या दशकात स्टेडिकॅम, म्हणजे अंगावर बांधून कॅमेरा स्थिर ठेवायचा साज बनवला, त्यात स्प्रिंगवाला हात होता तो याचसाठी, आपल्या गिंबलला तसा हात नाही, म्हणून ते काम गुडघ्यांनी करायचं.

सगळ्यात आधी बॅलन्स. मोबाईलचं कव्हर, मागची रिंग काढा, गिंबल बंद असतानाच मोबाईल क्लॅम्पमध्ये बसवा आणि हात सोडल्यावर आडवा सरळ राहीपर्यंत थोडा थोडा सरकवत राहा. कललेला राहिला तर मोटर सतत जोर लावते, बॅटरी लवकर उतरते आणि मध्येच थरथर येते.

मग चालणं, इथे वेळ द्याच. गुडघे किंचित वाकलेले, पावलं छोटी, आधी टाच टेकवायची मग हळूच चवडा, गिंबल दोन्ही हातांनी धरायचा आणि कोपरं सैल. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन बाया कशा चालतात, कमरेवरचं अंग हलतच नाही, अगदी तसं. घरातच टाइल्सची आडवी रेघ फ्रेममध्ये ठेवून वीस पावलं चाला, रेघ उडाली की लगेच कळतं. आठवडाभर रोज दहा मिनिटं केलं तरी फरक दिसतो.

माणसामागे जायचं असेल तर फॉलो मोड (हात वळेल तसा कॅमेरा हळूच वळतो), एकाच दिशेला बघत चालायचं असेल तर लॉक (हात वळला तरी कॅमेरा त्याच दिशेला राहतो). झूम नकोच, त्याने हलणंही मोठं होतं.

संध्याकाळी मोबाईल आपोआप शटर हळू करतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमसाठी जास्त वेळ प्रकाश घेतो, मग फ्रेम स्थिर असली तरी चित्र पुसट होतं आणि ते कुठल्याच स्टॅबिलायझरने परत येत नाही. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद ठेवा, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवेही लुकलुकत नाहीत. भर उन्हात मात्र एवढ्या शटरला एनडी फिल्टर, म्हणजे प्रकाश कमी करणारी गडद काच लागते.

आणि मोबाईल थेट बाईकच्या हँडलला लावून शूट करू नका, इंजिनाच्या कंपनाने कॅमेरा बिघडू शकतो असं ॲपलनेही २०२१ मध्ये सांगितलंय.

शॉट चालू केल्यावर दोन सेकंद जागीच थांबा मग पाऊल टाका, शेवटीही तसंच, एडिटला कापायला जागा मिळते.