श्वास दिसेल की नाही, हे बाहेर पडण्याआधी कसे ओळखावे

तापमान ७ अंशांच्या खाली गेले की श्वास दिसतो, असा एक आकडा सगळीकडे फिरत असतो. तो विसरा. १४ अंशांना, ढगाळ ओलसर पहाटे, मी श्वास चांगला दाट पाहिला आहे आणि तितक्याच तापमानाच्या कोरड्या दुपारी कितीही 'हाऽऽ' केले तरी काही दिसलेले नाही. एकट्या तापमानावरून हे सांगता येत नाही. दोन आकडे आणि एक सोपी सरासरी लागते.

१. तापमान आणि सापेक्ष आर्द्रता बघा

फोनवरच्या हवामानात दोन्ही मिळतात. बाहेरचेच आकडे घ्या, खोलीतले नकोत.

२. हे आठ आकडे लिहून ठेवा

कोणत्या तापमानाला हवेत जास्तीत जास्त किती बाष्प राहू शकते, त्याचा हा दाब आहे, हेक्टोपास्कलमध्ये: ० अंशाला ६.१, ५ ला ८.७, १० ला १२.३, १५ ला १७, २० ला २३.४, २५ ला ३१.७, ३० ला ४२.४ आणि ३५ ला ५६.२. मधल्या तापमानांसाठी अंदाजे मधला आकडा घेतला तरी चालते.

बाहेरच्या हवेतले बाष्प काढायला त्या तापमानाचा आकडा आर्द्रतेच्या टक्केवारीने गुणा. ५ अंश आणि ८० टक्के असेल तर ८.७ चे ८० टक्के, म्हणजे ७.

श्वासासाठी दर वेळी ३५ अंश आणि ५३ हेच आकडे धरा. फुप्फुसांतून येणारी हवा जवळपास बाष्पाने भरलेली असते. काटेकोर मोजले तर माणसागणिक थोडा फरक पडेल, पण आपल्या कामाला एवढे पुरते.

३. आता मिसळा

इथेच मी कित्येक वर्षे चुकत होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

'गरम श्वास थंड हवेत गार होतो, त्यातले बाष्प गोठून थेंब होतात' हे उत्तर मीही ठोकून द्यायचो. (त्यातले 'गोठून' तर सरळ चूकच. बाष्पाचे पाणी होते, बर्फ नव्हे.) एकदा मुलांना हे समजावत असताना एका मुलीने विचारले, "आजची हवापण श्वासापेक्षा गारच आहे ना? मग आज का नाही दिसत?" त्या दिवशी २५ अंश होते. माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी जाऊन आकडे मांडले आणि लक्षात आले की माझ्या स्पष्टीकरणाप्रमाणे त्या दिवशी श्वास दिसायलाच हवा होता. श्वासात ५३ बाष्प, २५ अंशांना राहू शकते फक्त ३१.७. उरलेले २१ गेले कुठे?

कुठेच गेले नाही. श्वास नुसता गार होत नाही, तो बाहेरच्या हवेत मिसळतो. मिसळताना तापमान उतरते, तसे बाष्पही विरळ होते. कोणते आधी पुरेसे उतरते, यावर सगळा खेळ आहे. नुसते गार होणे पाहायचे असेल तर आरशावर श्वास सोडा. काच २५ अंशांची असली तरी ती धुरकट होते, कारण काचेला चिकटून गार होणाऱ्या श्वासात बाहेरची हवा घुसायला फारशी जागा नसते. मास्क लावल्यावर चष्मा थंडी नसतानाही का धुरकटतो, त्याचेही उत्तर हेच. आरशाचे उदाहरण देऊन हवेतला श्वास समजावणारे लेख दिसले की माझे डोके फिरते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तर हिशेब असा करायचा: श्वास आणि बाहेरची हवा अर्धी-अर्धी धरा. तापमानांची सरासरी काढा, बाष्पांचीही काढा. मग त्या सरासरी तापमानाला किती बाष्प राहू शकते ते वरच्या आकड्यांत पाहा. बाष्प त्याहून जास्त निघाले तर श्वास दिसणार.

५ अंश, ८० टक्के: तापमान २०, बाष्प ३०. वीस अंशांना राहते २३.४. बरेच उरले, म्हणजे दाट दिसणार. २५ अंश, ५० टक्के: तापमान ३०, बाष्प ३४.४, जागा ४२.४ ची. काहीच नाही. मुलीचा प्रश्न इथे सुटला.

आता १५ अंश घ्या. आर्द्रता ९० टक्के असेल तर मिश्रण २५ अंशांचे, बाष्प ३४, जागा ३१.७. दिसेल. आर्द्रता ३० टक्के असेल तर बाष्प फक्त २९. नाही दिसणार. तापमान तेच, निकाल उलटा. ७ अंशांच्या नियमावर माझा एवढा राग का, ते आता कळले असेल.

दोन्हींपैकी कोणतीच हवा आधी तुडुंब भरलेली नसताना मिश्रण कसे ओसंडते, ही शंका यायलाच हवी. कारण त्या आठ आकड्यांतच आहे: दर दहा अंशांनी आकडा जवळपास दुप्पट होत जातो. ५ ते ३५ च्या बरोबर मध्ये २० अंश येतात, पण ८.७ आणि ५६.२ यांच्या बरोबर मध्ये २३.४ येत नाही, ३२ च्या आसपास येते. तापमान मधोमध आले तरी जागा मधोमध येत नाही, बरीच खाली राहते. तो फरक म्हणजे तुमचा दिसणारा श्वास. एडिनबर्गचे भूवैज्ञानिक जेम्स हटन यांनी १७८४ साली नेमके हेच धरून पावसाचा सिद्धान्त मांडला होता. पाऊस तसा पडत नाही हे पुढे कळले, पण श्वासाला तो विचार चपखल बसतो. विमानामागे पांढरी रेघ उमटेल की नाही हेही याच हिशेबाने ठरते. जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट श्मिट यांनी ते १९४१ मध्ये मांडले.

अर्धे-अर्धे का? सोपे पडते म्हणून. उत्तर अगदी काठावर आले तर तीन वाटे श्वास आणि एक वाटा हवा धरूनही एकदा तपासा.

धुळीची चिंता नको. थेंब बसायला हवेत बारीक कण लागतात, हे स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन एटकिन यांनी १८८० च्या सुमारास दाखवून दिले. रोजच्या हवेत ते मुबलक असतात.

४. बाहेर जाऊन पडताळा

तोंड मोठे उघडून सावकाश 'हाऽऽ' करा. ओठ आवळून 'फू' करू नका. फुंकर वेगाने आजूबाजूची हवा ओढून घेते, मिश्रण पटकन विरळ होते आणि ढग दिसायच्या आत संपतो. काठावरच्या हवेत एवढ्यानेच निकाल फिरतो. मागे गडद काहीतरी असू द्या आणि उजेड समोरून किंवा बाजूने येऊ द्या. पांढऱ्या आभाळाकडे बघत श्वास सोडून 'दिसला नाही' म्हणणारे बरेच भेटले आहेत.

बाहेर गरम असेल तर बर्फाच्या कप्प्याचे दार उघडून आत श्वास सोडा. मात्र दार उघडताच कप्प्यातूनच धुके बाहेर येते, तेही मिसळण्यानेच झालेले. ते विरेपर्यंत थांबा, नाहीतर त्यालाच आपला श्वास समजाल.

ढग किती लांब जातो, तेही याच हिशेबातून कळते. ५ अंश आणि ८० टक्क्यांच्या हवेत श्वासाच्या एका वाट्यात साधारण १५ वाटे हवा मिसळेपर्यंत बाष्प जास्तच राहते. त्यापुढे थेंब पुन्हा बाष्प होतात आणि ढग नाहीसा होतो. बाहेरची हवा जितकी दमट, तितका तो टिकतो, आणि आर्द्रता १०० टक्क्यांना टेकलेली असेल तर त्याला विरायला फारशी जागाच उरत नाही.