निरीक्षणगृहातील मुलांसोबत सामूहिक चित्र करताना

वडोदऱ्यातील निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना चौकशी चालू असताना ठेवतात त्या गृहात, मुलांकडून सामूहिक चित्र करून घ्यायचे असेल, तर आधी अधीक्षकांची लेखी परवानगी घ्यावी आणि साहित्याची यादी त्यांच्याकडून तपासून घ्यावी. कात्री आणि काचेच्या बाटल्या नकोतच. कागद पट्टीच्या कडेने फाडता येतो, चिकटवायला मैद्याची खळ पुरते.

कोणता मुलगा कधी जामिनावर सुटेल हे सांगता येत नाही, म्हणून मोठ्या भिंतीऐवजी एका बैठकीत पुरे होतील असे फूटभर पुठ्ठ्याचे चौकोन द्यावेत. ते पुढे एकमेकांशी जुळावेत यासाठी नदीची रेघ प्रत्येक चौकोनाच्या डाव्या कडेला खालून ४ इंचांवर शिरेल आणि उजवीकडे तेवढ्याच उंचीवर बाहेर पडेल, एवढे आखून ठेवावे. मधली वळणे मुलांची. नदी म्हणजे शहरातून वाहणारी, मगरींसाठी ओळखली जाणारी विश्वामित्री म्हटली की कोणीतरी मगर काढणारच, ती काढू द्यावी. वडोदऱ्यातील कीर्तिमंदिर या गायकवाड राजघराण्याच्या स्मारकातील, चित्रकार नंदलाल बोस यांच्या भित्तिचित्रांचे फोटो दाखवावेत, नक्कल मात्र करायला लावू नये.

गुन्ह्याविषयी विचारू नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलांची ओळख उघड करता येत नाही, त्यामुळे सहीच्या जागी प्रत्येकाने स्वतः ठरवलेली खूण काढावी आणि फोटो फक्त चित्राचेच घ्यावेत.

निघताना ब्रश मुलांसमोरच मोजून घ्यावेत.